अंगावर पिणाऱ्या बाळाला चार-सहा दिवस शी झाली नाही तर काय बघायचं आणि काय करायचं

माझा धाकटा पावणेदोन महिन्यांचा होता तेव्हाची गोष्ट. आठ दिवस झाले तरी शी नाही. मी माहेरी होते, घरात सकाळी उठल्या उठल्या पहिला प्रश्न "झाली का गं?" आणि रात्री झोपताना शेवटचा प्रश्न पण तोच. सहाव्या दिवशी शेजारच्या काकू विड्याचं पान घेऊन आल्या, देठाला एरंडेल लावून आत सरकवायचं म्हणे, लगेच होते. आजी म्हणाली गुटीत हिरडा जास्त उगाळा. आई म्हणाली तू काल हरभऱ्याची उसळ खाल्लीस ना, त्याचंच झालंय. आणि बाळ मात्र मजेत, पाय झाडतंय, हसतंय, दर दोन-अडीच तासांनी पितंय.

आठव्या दिवशी डॉक्टर मॅडमकडे गेले. त्यांनी बाळाचं पोट हाताने दाबून पाहिलं, वजन केलं, ते छान वाढलेलं होतं, मग मला दोनच गोष्टी विचारल्या, शू दिवसातून किती वेळा करतो आणि मागची शी झाली ती कशी होती. शू आठ-नऊ वेळा, शी मऊ, पिवळी. त्या म्हणाल्या घरी जा, काही द्यायचं नाही, काही घालायचं नाही. नवव्या दिवशी दुपारी झाली. दुपटं, माझी साडी, खालची सतरंजी, सगळं भरलं. आणि शी अगदी मऊ, फेसलेल्या मोहरीसारखी. नऊ दिवस आत होती तरी एक खडा नाही.

हे सगळं इतकं सांगायचं कारण म्हणजे पहिल्यांदा आई झालेल्या बायका "किती दिवस झाले" एवढंच मोजतात आणि घाबरतात, मी पण तेच करत होते. खरं तर दिवस ही सगळ्यात शेवटी बघायची गोष्ट आहे. त्याआधी काय काय बघायचं ते खाली क्रमाने लिहिते. हे पूर्ण दिवसांच्या, बाकी तब्येतीने चांगल्या आणि फक्त आईच्या दुधावर असलेल्या बाळांसाठी आहे. बाळ लवकर जन्मलेलं असेल, खूप कमी वजनाचं असेल किंवा काही आजार असेल तर तुमच्या डॉक्टरांचंच ऐका.

पायरी १ : आधी वय बघा, कारण एकाच गोष्टीचा अर्थ वयाप्रमाणे उलटा होतो

जन्मल्यावर पहिली शी काळी-हिरवी, डांबरासारखी चिकट असते, पुसता पुसत नाही. बाळ पोटात असताना जे साठलेलं असतं ते असतं ते. बहुतेक बाळांना ती पहिल्या २४ तासांत होते. २४ तास झाले तरी नाही झाली तर दवाखान्यातून सुट्टी घेण्याआधी सिस्टरना आवर्जून सांगा, आणि ४८ तास होऊन गेले, पोट फुगलंय, उलटी होतेय असं असेल तर नीट तपासणी व्हायलाच पाहिजे. काही थोड्या बाळांच्या आतड्याच्या शेवटच्या भागात शी पुढे ढकलणाऱ्या नसाच नसतात, हिर्शस्प्रंग म्हणतात त्याला, साधारण ५००० बाळांत एकाला असतो, आणि त्याची पहिली खूण हीच असते की काळी शी वेळेवर होत नाही. म्हणून नंतर कधीही बद्धकोष्ठाची तक्रार घेऊन गेलात की डॉक्टर विचारतात, पहिली शी कधी झाली होती? ती वेळ कुठेतरी लिहून ठेवा.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी रंग हिरवट होतो, आणि पाचव्या दिवसापर्यंत पिवळी व्हायला लागते. पिवळी, पातळसर, त्यात फुटलेल्या दह्यासारखे बारीक कण, वासही फार नाही. ही नॉर्मल शी. इथे एक घोळ नेहमी होतो, घरचे म्हणतात "बाळाला जुलाब लागलेत, अंगावरचं बंद करा". नाही हो. अंगावर पिणाऱ्या बाळाची शी पातळच असते, आणि पहिल्या महिन्यात काही बाळं प्रत्येक वेळी पिऊन झालं की करतात, दिवसाला आठ-दहा वेळा सुद्धा. दूध पोटात पडलं की आतडं हलायला लागतं, म्हणून पिता पिताच करतात. जुलाब म्हणजे बाळाची जी नेहमीची पद्धत आहे त्यापेक्षा अचानक जास्त वेळा आणि पाण्यासारखी, सोबत बाळ मलूल. तेव्हा डॉक्टरांकडे जायचं, पण अंगावर पाजणं तेव्हाही थांबवायचं नाही.

आता महत्त्वाचं. पहिल्या सहा आठवड्यांत, म्हणजे साधारण दीड महिन्यापर्यंत, शी कमी होणं हा बद्धकोष्ठाचा प्रश्न नसतो, बहुतेक वेळा तो दुधाचा प्रश्न असतो. पाचव्या दिवसानंतर रोज निदान तीन-चार वेळा पिवळी शी, दर वेळी दहा रुपयाच्या नाण्याएवढा तरी डाग, एवढं पाहिजे. त्यापेक्षा कमी असेल तर आधी बाळाच्या पोटात दूध जातंय का ते बघायचं.

हे मी थोरलीच्या वेळी शिकले. ती खूप शांत होती. रडायची नाही, नुसती झोपायची, सगळे म्हणायचे किती गुणी आहे. सातव्या दिवशी आशाताई घरी आल्या. दवाखान्यात बाळंतपण झालेलं असलं की त्या घरी येतात ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी, सरकारी कार्यक्रमच आहे तो, सगळीकडे आहे. त्यांनी झोळीचा काटा काढला, बाळ त्यात ठेवलं, आणि काट्याकडे बघत नुसत्याच थांबल्या. जन्माचं वजन २ किलो ९००, आता २ किलो ६००. मग त्यांनी विचारलं शी किती वेळा, मी म्हटलं काल एकदा, हिरवट होती, थोडीशीच. त्या म्हणाल्या, ताई, हिच्या पोटात दूधच जात नाहीये. पहिल्या चार-पाच दिवसांत वजन थोडं उतरतंच, पण १० टक्क्यांपर्यंत गेलं की थांबायचं नसतं. त्याच दिवशी आरोग्य केंद्रात गेलो, तिथल्या सिस्टरनी फक्त पकड बदलून दिली. मी नुसतं बोंडच तिच्या तोंडात देत होते, त्यांनी सांगितलं तोंड मोठं आऽ करू दे, मग तिला छातीवर आण, खालचा काळा भाग पण आत गेला पाहिजे, हनुवटी छातीला टेकली पाहिजे. गिळल्याचा आवाज यायला लागला. आणि झोपली असली तरी दर दोन-तीन तासांनी उठवून पाजायचं सांगितलं. दुसऱ्या दिवशी चार वेळा शी, पिवळी. त्यावेळी जर कोणी एरंडेल दिलं असतं तर शी झाली असती, आणि माझी पोर उपाशीच राहिली असती.

म्हणून म्हणते, वय बघा. सात दिवसांच्या बाळाने एकच दिवस शी नाही केली तर वजन करून या. दोन महिन्यांच्या बाळाने सात दिवस नाही केली आणि बाकी सगळं ठीक आहे तर स्वस्थ बसा.

पायरी २ : दीड महिन्यानंतर हे का बदलतं ते समजून घ्या

पहिल्या दिवसांतल्या चिकाच्या दुधाने पोट साफ होतं, तो गुण पुढच्या दुधात तेवढा राहत नाही. शिवाय बाळाचं आतडं आता तयार झालेलं असतं आणि आईचं दूध त्याला इतकं सोयीचं असतं की जवळजवळ सगळंच अंगाला लागतं, मागे टाकायला फार काही उरतच नाही. त्यामुळे कोणी रोज करतं, कोणी तीन दिवसांनी, कोणी सात-आठ, अगदी दहा दिवसांनी पण. झाली की भरपूर होते आणि मऊ होते.

आणि नेमका याच वेळेला दीड महिन्याचा डोस असतो. इंजेक्शनं होतात, रोटाव्हायरसचे थेंब पाजतात, चार दिवसांनी लक्षात येतं की शी थांबली, आणि सगळा दोष लसीवर. मला किमान पाच-सहा जणींनी हेच सांगितलंय, "डोस दिल्यापासून पोट बिघडलं". डोस नसता दिला तरी त्याच सुमारास बदललं असतं. पुढचे अडीच आणि साडेतीन महिन्यांचे डोस या भीतीने चुकवू नका, कळकळीने सांगते.

पायरी ३ : शू मोजा

शी रोज नसली तरी शू रोज पाहिजे. पहिल्या दिवशी एकदा, दुसऱ्या दिवशी दोनदा असं वाढत जातं आणि पाचव्या-सहाव्या दिवसापासून २४ तासांत सहा किंवा जास्त वेळा, रंग पाण्यासारखा किंवा फिकट पिवळा. पहिल्या दोन-तीन दिवसांत लंगोटावर विटकरी-गुलाबी पावडरीसारखा डाग दिसतो तो चालतो, पण पाचव्या दिवसानंतर दिसला तर दूध कमी पडतंय.

डायपर लावलं की हे कळतच नाही, ते सगळं शोषून घेतं. मनात शंका असेल तर एक पूर्ण दिवस जुन्या साडीचे लंगोट लावा आणि बदलाल तेव्हा कॅलेंडरवर एक रेघ मारा. धुणं वाढेल एक दिवस, पण डोक्यातला घोर जाईल.

पायरी ४ : शेवटची शी हाताळून बघा, हो खरंच

बद्धकोष्ठ म्हणजे उशिरा झालेली शी नाही, कडक झालेली शी. शेळीच्या लेंड्यांसारखी, कोरडी, लंगोटावरून घरंगळणारी, करताना बाळ कळवळतंय, कधी वर रक्ताची रेघ. असं असेल तर ते बद्धकोष्ठ, मग ते रोज एकदा होत असलं तरी. आणि नवव्या दिवशी मऊ झाली तर ते बद्धकोष्ठ नाही. फक्त आईच्या दुधावरच्या बाळाला खरं बद्धकोष्ठ फार कमी होतं, म्हणून सहा महिन्यांच्या आत कडक खडे दिसले तर ते घरगुती उपायांचं प्रकरण नाही, डॉक्टरांना दाखवा. वरचं दूध चालू असेल तर पावडर आणि पाण्याचं माप डब्यावर लिहिलंय तसंच घेता का ते आधी तपासा, बाळसं यावं म्हणून चमचाभर जास्त घालणाऱ्या बऱ्याच जणी असतात.

पायरी ५ : कुंथणं आणि लाल होणं

हे बघून आयांचा जीव सर्वात जास्त कासावीस होतो. बाळ पाय पोटाशी घेतं, चेहरा टोमॅटोसारखा, कण्हतं, किंचाळतं, दहा-पंधरा मिनिटं हा प्रकार चालतो, आणि शेवटी होते ती शी पातळ! मग मऊ शीला एवढा जोर कशाला?

आपण शी करताना पोटाने जोर लावतो आणि त्याच वेळी खालचा स्नायू सैल सोडतो, विचार न करता. बाळाला हे दोन्ही एकदम करायचं अजून जमत नाही. पोटाने जोर लावतं आणि खालून आवळून धरतं. रडलं की पोटात दाब वाढतो, म्हणून ते रडतं, ते दुखून रडतंय असं नसतं. हे आपोआप जमायला लागतं, कोणाला काही आठवड्यांत, कोणाला थोडं उशिरा. डॉक्टर याला आजार मानत नाहीत, औषधही देत नाहीत.

आणि इथेच ती पानाच्या देठाची गोष्ट येते. देठ, साबणाची काडी, तेल लावलेलं बोट, थर्मामीटर, काहीही आत घातलं की शी होते हे खरं आहे. पण बाळाला जे शिकायचंय ते राहून जातं, दर वेळी कोणीतरी बाहेरून उघडून देतंय अशी सवय लागते, आणि तिथली कातडी इतकी नाजूक असते की चिरते. साबणाने आग होते ती वेगळीच. ग्लिसरीनची कांडी मेडिकलमध्ये मिळते म्हणून आणून घालू नका, डॉक्टरांनी तपासून सांगितलं तरच.

पायरी ६ : घरी काय करता येतं

पहिलं काम पाजत राहायचं, मागेल तेव्हा, रात्रीसुद्धा. एका बाजूचं पूर्ण रिकामं होऊ दे मग दुसरी बाजू द्या, घड्याळ लावून दहा-दहा मिनिटांनी बदलू नका. लवकर लवकर बदललं की बाळाला सुरुवातीचं पातळ, स्निग्धांश कमी असलेलं दूधच जास्त मिळतं, मग पोटात वारा धरतो आणि शी हिरवी, फेसाळ होते.

पिऊन अर्धा-पाऊण तास झाला की बाळाला उताणं ठेवून दोन्ही पाय गुडघ्यात दुमडून हळूच पोटाकडे न्या, सोडा, मग सायकल चालवल्यासारखे आळीपाळीने. पाच-सात मिनिटं. तळहाताला थोडं खोबरेल घेऊन पोटावर गोल फिरवा, घड्याळाचे काटे फिरतात त्या दिशेने, म्हणजे बाळाच्या उजव्या बाजूने वर आणि डाव्या बाजूने खाली, आतडं तसंच वळतं. जोर नाही लावायचा, भाकरीवरून पाण्याचा हात फिरवतो ना तेवढाच. मालिशवाल्या मावशी येत असतील तर त्यांना हे आधी सांगा, काही जणी पोट फारच रगडतात. बेंबीत आणि नाकात तेल घालू देऊ नका.

कोमट पाण्याची अंघोळ, जागं असताना थोडा वेळ पालथं घालणं, हे पण कामाला येतं. आणि आपल्याकडची जुनी पद्धत, आजी पाय लांब करून बसते आणि बाळाला दोन्ही पावलांवर उकिडवं बसवून "श्श श्श" करते, ती मला फार आवडते. गुडघे वर आले की शीला वाट सरळ होते. मान धरत नसेल तोवर पाठ आणि डोकं नीट आपल्या हातात पाहिजे एवढंच.

घरातल्या मोठ्यांशी भांडून काही होत नाही असा माझा अनुभव आहे. त्या काळजीपोटीच सांगत असतात आणि त्यांना काहीतरी करायचं असतं. मी आजीला म्हटलं, आजी देठ नको, पण तू दुपारी याला पायावर बसव आणि संध्याकाळी पोटाला तेलाचा हात फिरव, तुझा हात हलका आहे. ती खूश, बाळ पण खूश.

काय द्यायचं नाही

सहा महिने पूर्ण होईपर्यंत आईच्या दुधाशिवाय काही नाही, पाणी पण नाही. उन्हाळ्यात विदर्भ-मराठवाड्यात पण नाही. आईच्या दुधात सुमारे ८८ टक्के पाणीच असतं, बाळाला तहान लागली तर ते जास्त वेळा पितं. आईने मात्र पाणी भरपूर प्यावं. डॉक्टरांनी दिलेले डी व्हिटॅमिनचे थेंब आणि लिहून दिलेली औषधं तेवढी चालतात.

मध तर एक वर्षापर्यंत नाहीच, चाटवायचा पण नाही, गुटीत मिसळून पण नाही, बारशाला सोन्याच्या अंगठीने पण नाही. मधात एका जंतूचे बीजाणू असू शकतात, मोठ्यांचं पोट त्यांना दाद देत नाही पण बाळाच्या आतड्यात ते वाढतात आणि विष तयार करतात. त्या आजाराचं नाव बोट्युलिझम, आणि त्याचं पहिलं लक्षण काय असतं, तर बद्धकोष्ठ. मग बाळ ढिलं पडतं, रडणं क्षीण होतं, चोखता येत नाही. शी होत नाही म्हणून मध चाटवणं म्हणजे किती उलटं आहे बघा.

एरंडेल पाजताना ठसका लागून तेल फुप्फुसात गेलं तर न्यूमोनिया होतो. गुटीवर लोकांचा जीव असतो, मला माहीत आहे, आमच्या घरी पण सहाण वेगळी ठेवलेली होती. पण किती वेढे उगाळले, जायफळ किती गेलं, सहाण आणि पाणी किती स्वच्छ होतं याला काही माप नाही, आणि जायफळ जास्त झालं तर बाळ गुंगून पडतं, मग दूधच पीत नाही. ग्राईप वॉटरने पण काही साधत नाही, पोट तेवढं गोड पाण्याने भरतं. हिंगाचं पाणी बेंबीभोवती लावतात, त्याने शी होत नाही आणि कोवळ्या कातडीला पुरळ येऊ शकते, पाजायचं तर मुळीच नाही. शेगडीवर कापड तापवून ओव्याचा शेक देताना भाजलेली बाळं दवाखान्यात येतात, ते टाळा.

आणि आईच्या खाण्याबद्दल. बाळंतिणीला उसळ नको, पालेभाजी नको, केळं नको असं करत करत नुसत्या भात-तुपावर ठेवतात आणि मग तिलाच बद्धकोष्ठ होतं. आईचं बद्धकोष्ठ दुधातून बाळाला जात नाही. आईने लोहाच्या गोळ्या घेतल्या म्हणून बाळाची शी कडक होत नाही, त्या गोळ्या बंद करू नका. अळिवाची खीर, डिंकाचे लाडू खुशाल खा, पण सोबत भाजी-फळं पण खा, तुमच्या टाक्यांवर जोर पडणार नाही.

पायरी ७ : रंग

पिवळी, हिरवी, तपकिरी, तिन्ही चालतात. कधीतरी एखादी हिरवी झाली म्हणून घाबरू नका.

पांढरी, खडूसारखी, ओल्या राखाडी मातीसारखी शी मात्र कधीच चालत नाही. शीला पिवळा रंग पित्तामुळे येतो, पांढरी म्हणजे पित्त आतड्यापर्यंत पोचत नाहीये. बाळाची कावीळ दोन आठवड्यांनंतरही डोळ्यांत दिसतेय, शू गडद पिवळी होऊन लंगोटाला डाग पाडतेय आणि शी फिकट आहे, यातलं काहीही दिसलं तर उन्हात धरून, थांबून बघायचं नाही, त्याच दिवशी बालरोगतज्ज्ञांकडे जायचं. पित्ताच्या नळ्या बंद असण्याचा एक आजार असतो, त्याचं ऑपरेशन बाळ ६० दिवसांचं व्हायच्या आत झालं तर सगळ्यात जास्त फायदा होतो. "बाळंतकावीळ आहे, जाईल" म्हणत महिना निघून जातो आणि मग फार उशीर होतो. आपल्याकडे सव्वा महिना बाळाला घराबाहेर काढत नाहीत, या गोष्टीसाठी ते बाजूला ठेवा.

लाल रक्त दिसलं तर दाखवायचंच. कडेला चीर पडली असेल, किंवा काही बाळांना आई जे गाईम्हशीचं दूध पिते त्यातल्या प्रथिनांचा त्रास होतो, शेंबडासारखा चिकट पदार्थ आणि रक्त पडतं. ते डॉक्टरांना ठरवू दे, आपण होऊन दूध-दही सोडू नका. पहिल्या आठवड्यानंतर पुन्हा काळी शी आली तर तेही दाखवा, कधी कधी आईच्या बोंडाला भेगा पडलेल्या असतात आणि तेच रक्त बाळ गिळतं, पण खात्री करून घ्यावी. जाताना घाण झालेलं दुपटं पिशवीत घालून न्या किंवा दिवसाच्या उजेडात फोटो काढा, ट्यूबलाइटखाली रंग बदलतो.

केव्हा वाट बघत थांबायचं नाही

हिरवी उलटी. दूध ओकणं वेगळं, हिरवी म्हणजे आतडं कुठेतरी अडलंय, मध्यरात्र असली तरी निघा. पोट फुगून टणक, कातडी ताणलेली आणि बाळ पीत नाही. बाळ ढिलं, उठवलं तरी उठत नाही. दोन-तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला ताप. बाळ मधेच किंचाळतं, पाय पोटाशी घेतं, मग एकदम गप्प, पंधरा-वीस मिनिटांनी पुन्हा तेच, सोबत उलट्या आणि नंतर शीतून जांभळाच्या रसासारखं लालसर चिकट पडतं, हे आतड्यात आतडं अडकल्याचं असू शकतं, चार-पाच महिन्यांच्या पुढच्या बाळांत जास्त दिसतं. १०८ ला फोन करा.

मध्यरात्री निघण्याइतकं घाईचं नाही पण लवकर दाखवायला पाहिजे असं एक चित्र आहे : बाळ फार झोपाळू, आवाज घोगरा, अंग थंड, कावीळ लांबलेली, बेंबी फुगलेली आणि शी कमी. थायरॉइड कमी असला की असं होतं, टाचेतून थोडं रक्त घेऊन कळतं आणि लवकर गोळी चालू केली तर मुलाची वाढ नीट होते. वजन दर आठवड्याला वाढत नसेल तर तेही याच यादीत. पहिल्या तीन महिन्यांत दिवसाला २० ते ३० ग्रॅम हा साधारण हिशोब.

उष्टावणानंतर

खरं बद्धकोष्ठ सुरू होतं ते इथून. सहा महिने झाले, वाटीत काहीतरी आलं, आणि शीला रंग, वास, आकार सगळंच बदललं. थोडी घट्ट होणारच. थोरलीला मी कौतुकाने दोन्ही वेळ नाचणीचं सत्त्व आणि मधे केळं देत होते, पाणी द्यायचं लक्षातच आलं नाही, सहा महिने पाणी नको असं डोक्यात पक्कं बसलेलं होतं ना. दहाव्या दिवशी खडा झाला आणि रडून रडून घर डोक्यावर घेतलं.

तेव्हा सहा महिन्यांनंतर प्रत्येक खाण्यासोबत उकळून गार केलेलं दोन-चार चमचे पाणी वाटीने द्या. नाचणी, तांदूळ रोज फिरवून द्या, मऊ वरण-भातात भोपळा, दुधी, पालक घोटून घाला, वर तूप. पिकलेली पपई, पेअर, वाफवलेलं सफरचंद. काळ्या मनुका रात्री भिजवून सकाळी कुस्करून, गाळून दोन चमचे, हे आमच्याकडे चांगलं चाललं. बिस्किटं दुधात भिजवून देऊ नका, त्यात मैदा आणि साखरच असते. आणि अंगावर पाजणं चालूच ठेवा.

लोहाचं औषध चालू झालं की शी काळपट होते, सरकारी दवाखान्यातून सहा महिन्यांनंतर आठवड्यातून दोनदा एक एक मिली देतात ते. त्या रंगाला घाबरून बाटली बाजूला ठेवू नका. खडे चालूच राहिले, बाळ शी करायलाच घाबरून पाय आवळून धरायला लागलं, तर आठवडाभर घरी प्रयोग करत बसू नका, बाळांना चालणारी शी मऊ करायची औषधं डॉक्टरांकडे असतात, ती वजनावर मोजून देतात आणि बाळाला पुन्हा न दुखता शी व्हायला लागेपर्यंत नीट चालू ठेवावी लागतात, एक-दोन दिवसांत बरं वाटलं म्हणून आपणच बंद केली की तोच त्रास परत सुरू होतो.